अंबाडीची काडी

बायकोचं दहावं झालं, माणसं पांगली, आन भावकीतला एक शहाणा माझ्याजवळ येऊन बसला. तंबाखू मळता मळता म्हणला, "आबा, एक इचारू का? तुमाला सुतक लागत होतं का खरंच?"

त्याचा बाप जातीच्या पंचात होता. ह्यानं घरात ऐकलेलं असणार की आमा दोघांची काडीमोड झालेली हाय. आन ते खोटं न्हाई. झाली होती. चार माणसांत, मारुतीच्या पारावर, भर दुपारी. म्हणून हे लिवून ठेवतो. मी निजामाच्या शाळेत चार इयत्ता शिकलो, त्यातली एक दोनदा. चुकलं असंल तिथं वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं, मला सांगायला येऊ नये.

आमी मेंढरांची माणसं. गाव हिंगोलीकडच्या गोरेगावापासून कोसभर. माझ्याकडं वडिलांचा माग होता, त्याच्यावर घोंगड्या विणायचो. मेंढरं तिची होती. तिच्या बापानं लग्नात वीस मेंढ्या आंदण दिल्या, त्याची बारा वर्सांत साठ झाली. कोकरू जन्मलं की तिसऱ्या दिवशी ती त्याचा डावा कान खालून कापायची, चिमणीच्या चोचीएवढा. ती तिच्या माहेरची खूण. मी एकदा म्हणलो, आता माझ्या घरची खूण घालत जा. तर म्हणली, हात बसलाय त्याच खुणेला. मी सोडून दिलं. आपल्याला काय, कान मेंढराचा.

जर्मनची लढाई चालू होती तवा हिंगोलीहून एक दलाल आला. म्हणला, पलटणीला घोंगड्या पाह्यजेत, जितक्या देशील तितक्या. मी पाची बोटं तुपात बुडाल्यासारखा पळत सुटलो. हिंगोलीच्या एका सावकाराचा लोकरीचा व्यापार होता, त्याच्याकडून लोकर उधार उचलली, दोन माग वाढवले, विणकर बसवले. ती म्हणायची, शिपायांना काय इतकी थंडी लागती का. मी म्हणायचो, तुला लढाईतलं काय कळतं. मला तरी काय कळत होतं?

मंग लढाई थांबली. साऱ्या मुलखात माणसं खुश झाली आन मी एकटा कपाळाला हात लावून बसलो. लढाई थांबली म्हणून ज्याला रडू आलं असा दुसरा माणूस मला आजवर भेटला न्हाई. दलाल पुन्हा दिसला न्हाई. घोंगड्या मात्र घरात आढ्यापर्यंत रचलेल्या. चैताच्या उन्हात घराची भट्टी झाली. झोपायला जागा न्हाई आन पांघरायला तोटा न्हाई, अशी गत.

सावकारानं अदालतीतून हुकूम आणला. कुर्की येणार, म्हंजी अमीन येणार आन घरातलं उचलून नीलाम करणार. पयलं माझ्या डोक्यात आलं की मेंढरं कनेरगावच्या नाक्यापल्याड हाकावी. पल्याड इंग्रजाचा मुलूख, आपल्या अमिनाचा हुकूम तिथं चालत न्हाई. साठ मेंढरं घेऊन नाक्यावर पोचलो तर सावकाराचा माणूस तिथंच चहा पीत बसलेला. मला म्हणला, या पावनं, कुठं निघालात? मी म्हणलो, चारायला. तो म्हणला, तुमच्या गावाकडचं गवत काय खारट हाय का? साठ बी परत आणली.

हिंगोलीच्या अदालतीबाहेर लिंबाखाली एका वकिलाचा कारकून बसायचा. वकिलापरीस तो स्वस्त, म्हणून मी त्याच्याकडं गेलो. त्यानं सांगितलं, दिवाळ्याचा अर्ज टाक. अदालत सगळं घेती, पण तीन चीजा सोडती. अंगावरची कापडं, चुलीची भांडी आन कारागिराचं हत्यार. तुझा माग वाचला.

मी इचारलं, "आन मेंढरं?"

"मेंढरं काय अंगावर घालतो का तू?"

"ती बायकोची हायत. आंदणाची."

"कागद हाय का?"

"मेंढराचा कसला कागद?"

"मंग बायको तुझी तर मेंढरं बी तुझी," कारकून म्हणला. कानातली काडी फिरवली, आन म्हणला, "बायको तुझी नसली तर गोष्ट येगळी."

मला ते लई पटलं. घरी येईपर्यंत मी स्वतःला वकील समजून राहिलो होतो.

आमच्यात काडीमोड सोपी. पंचासमोर नवरा-बायकोनं एक काडी दोन टोकांनी धरायची, ओढून मोडायची, म्होरक्यानं तुकडे दोन दिशांना फेकायचे, झालं. घरातलं सगळं मी काडीमोडीत तिला देऊन टाकणार, मी उघडा होणार, आन सावकाराला मिळणार घोंगड्या. दिवाळं मिटलं की पुन्हा तिच्याशी पाट लावीन. हे मी तिला चुलीपुढं समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी भाकर थापता थापता म्हणली, "म्हंजी मी पाटाची व्हायची."

ज्याला ठावं न्हाई त्याच्यासाठी सांगतो. लग्न एकदाच लागतं. मोडून जे पुन्हा जुळवतात तो पाट. पाट लावायला सवाष्णी येत न्हाईत, हळद लागत न्हाई. पाटाच्या बाईला आमच्यात कोणी ओटी भरायला बोलवत न्हाई, देवाच्या पालखीला तिचा हात चालत न्हाई. नवरा तोच असला तरी न्हाई.

मी म्हणलो, नवरा तोच, घर तेच, मेंढरं तीच. नुसतं नावाला. ती म्हणली, "मी लग्नाची हाय. पाटाची व्हायची न्हाई." मी म्हणलो, साठ मेंढरं जातील, मंग लग्नाची हाय म्हणून काय चाटायचंय? जरा जास्तच बोललो. तिनं भाकर उलटली आन म्हणली, "बरं. पर काडी मी आणीन."

पार भरला. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. म्होरक्यानं गवताची काडी मागितली तर ही आपल्या कुपाटीतली, म्हंजी कुंपणातली, अंबाडी उपटून घेऊन आली, करंगळीएवढी जाड. म्होरक्या म्हणला, बाई, काडी म्हंजी गवताची. ती म्हणली, "गवताची काडी वाऱ्यानं बी मोडती, मामा. माझा संसार बारा वर्साचा हाय."

पंच हसले. म्होरक्याला घाई होती, पंचासाठी माझ्या खर्चानं बोकड शिजत होतं आन वास पारापर्यंत आलेला. म्हणला, धरा लौकर. तिनं एक टोक धरलं, मी दुसरं. मी पाय रोवून ओढली, वाकवली, पीळ दिला. कडाक करून आवाज झाला. म्होरक्या म्हणला, मोडली. ती काडी तिनं कमरेला खोचली. तुकडे फेकायचे राहिले म्हणून कोणीतरी बोललं, तर म्हणली, माझ्या बांधाला जाऊन फेकते. तोवर पंच पत्रावळीकडं निघालेले.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्याच घरात परका. कारकुनानं सांगितलं, दिवाळखोराला कायतरी पोट भरायचं साधन दाखवावं लागतं, आन घोंगडीला आता गिऱ्हाईक न्हाई, तर बाईकडं सालगडी म्हणून ऱ्हा. तसा कागद केला. सालाला ज्वारी, एक घोंगडी आन पाडव्याला नव्या वहाणा. घोंगडी मी कागदातून काढायला लावली. घोंगडीचं नाव मला नको होतं.

आता मला वाटलं होतं हे सगळं नावाला हाय. तिनं ते नावाला धरलं न्हाई. मला निजायला मेंढरांचं वाडगं. भाकर कुपाटीवरून हातात. चारचौघांत मी तिला मालकीणबाई म्हणायचो आन ती 'अरे गड्या' म्हणायची. आखाडा बाळापूरच्या बाजारात एकदा मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, तर साऱ्या बाजारादेखत म्हणली, गड्यानं दोन हात मागं उभं ऱ्हावं. पानवाला अजून सांगतो ते.

अमीन आला कुर्कीला. संगं दोन शिपाई, दोन बैलगाड्या. बाजेकडं बोट केलं, ही कोणाची? मालकीणबाईंची. हंडा? मालकीणबाईंचा. हे घर? त्यांचंच. अमीन वैतागून म्हणला, "और तू किसका है?" मी म्हणलो, मी बी त्यांचाच, पाडव्यापर्यंत. त्यानं ते बी लिवून घेतलं. माग हत्यार म्हणून सोडला, बाकी माझं म्हणून निघालं ते एक छत्री, पाच एडके आन घोंगड्या. एडके मी बाळापूरच्या बाजारातून आणलेले, ते त्यानं लिवून माझ्याच सुपुर्दीत ठेवले. छत्री नेली. माझ्या आयुष्यात ती एकच छत्री मी घेतली होती, आन ती पावसात एकदा बी उघडली न्हवती. घोंगड्या दोन्ही गाड्यांत भरून अदालतीच्या कोठीत टाकल्या. त्यांना पावसाळ्यात कसर, म्हंजी लोकर खाणारी कीड, लागली, आन ती कसर घोंगड्या सोडून कोठीतल्या दप्तराच्या बस्त्यांत घुसली. कारकून म्हणायचा की अर्ध्या तालुक्याचे खटले तिनं खाल्ले. आमचा मात्र खाल्ला न्हाई.

सावकाराला संशय होताच. त्यानं आमच्या घरासमोरच्या भिंतीवर एक पाळतीचा माणूस बसवला. बिचारा दिसभर बसून कंटाळायचा. मंग ती त्याला भाकर द्यायला लागली, तो तिला लोकर कातरताना मेंढरू धरू लागायला लागला. मला तिनं भाकर कुपाटीवरून दिली आन त्याला ताटात. त्यानं जाऊन सावकाराला सांगितलं, ती दोघं एकमेकाशी धड बोलत बी न्हाईत. खरंच सांगितलं त्यानं.

पर रानात पाळत न्हवती. मेंढरं दोघांनी चारायची, रान मोठं, आन बारा वर्साची सवय. दुसऱ्या सालच्या आखाडात तिचं पोट लपायचं बंद झालं.

आमच्या लेकराची खबर ऐकून जेवढा आनंद सावकाराला झाला तेवढा आजा-आजीला बी होत नसंल. बारा वर्सं आमी नवस केले, पर लेकरू न्हवतं. झालं ते ह्या घोळात. सावकारानं लगेच अदालतीत अर्ज टाकला की काडीमोड खोटी हाय, पोट त्याची साक्ष हाय, मेंढरं नीलाम करा. मी लिंबाखाली पळालो. कारकून म्हणला, सोपं हाय. तू फकस्त म्हण, लेकरू माझं न्हाई. मंग काडीमोड खरी, मेंढरं बाईची. मी म्हणलो, आन गाव काय म्हणंल तिला? तो म्हणला, गावाचा खटला आपल्याकडं न्हाई.

मी एक दिवस इचार केला. आता लिवायला बसलोच हाय तर हे बी लिवतो. कारकुनाला 'न्हाई' म्हणायला एक दिवस लागायला नको होता, मला लागला. आन दिवस संपला तरी धड ठरलं न्हवतं. कारकून काय म्हणला ते मी तिला कुपाटीवरून सांगितलं. ती मेंढीच्या पायातला काटा काढत होती. काटा काढला, मेंढी सोडली, आन म्हणली, "अदालत कोणत्या वारी हाय?"

मेंढरं वादातला माल म्हणून अदालतीपुढं हजर करायची होती. आमी ती दीड दिवस चालवत हिंगोलीला नेली. अदालतीच्या आवारात साठ मेंढरं आन पाच एडके. पक्षकारांना उभं ऱ्हायला जागा उरली न्हाई. एक एडका थेट मुन्सफ साहेबाच्या खोलीच्या पायरीवर बसला आन चपराश्याला तो उठवता येईना. शेवटी चपराशी एडक्याला वळसा घालून आमच्या खटल्याचा पुकारा करू लागला.

आधी म्होरक्याची जबानी झाली. काडी मोडली का? मोडली. आवाज ऐकला का? ऐकला. मंग तिला उभं केलं. सावकाराचा वकील हुशार होता. पोटाचं त्यानं नावच काढलं न्हाई. माझ्याकडं बोट करून म्हणला, "बाई, ह्या माणसाचं नाव सांग."

तिनं डोईवरचा पदर सारखा केला.

वकील म्हणला, काडी मोडली ना? परका माणूस ना हा? तुझा गडी. गड्याला तर दिसातून दहादा हाक मारावी लागती. मंग नाव घ्यायला काय हरकत हाय?

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाई, हे मुन्सफ साहेबाला बी ठावं होतं. तो पुढं वाकून बसला. नाव घेतलं असतं तर ती परकी, मेंढरं तिची, खटला तिथंच मिटला असता. कारकून दारातून हळूच बोलला, घ्या की बाई. मागून म्होरक्या कुजबुजला, साठ मेंढरांचा सवाल हाय, पोरी, एकदा घे, देव माफ करतो. पुकारा करणारा चपराशी म्हणला, हुजूर, नाम मैं बता देता हूँ. मुन्सफ साहेबानं त्याला गप केलं. मंग तिनं माझ्याकडं पाह्यलं.

मी म्हणलो, "घे."

तिनं कमरेतून एक चिंधी काढली. चिंधी सोडली. आत अंबाडीची काडी, वाळून कोळ झालेली. ती तिनं दोन्ही हातांनी वर धरली. मधी वाकलेली होती, आतलं पांढरं लाकूड तुटलेलं, पर साल अखंड. एका टोकाला धरली तर दुसरं टोक लोंबायचं, पडायचं न्हाई. अंबाडीच्या सालीचे आमी दोर वळतो. ती काय ओढून तुटती?

"ही मोडली न्हाई, सायेब," ती म्हणली. "ह्यांनी लाकूड मोडलं. साल मी सोडली न्हाई. मी लग्नाची हाय, लेकरू ह्यांचं हाय, आन नाव मी घेणार न्हाई."

मुन्सफ साहेबानं काडी हातात घेतली. इकडून वाकवली, तिकडून वाकवली, उजेडाला धरली. म्होरक्याला इचारलं, बोलो, टूटी या नहीं टूटी? म्होरक्यानं डोईचं मुंडासं सारखं केलं आन म्हणला, सायेब, मोडली बी हाय आन न्हाई बी. हे असंच्या असं जबानीत लिवलं गेलं.

मंग साहेबानं तिला इचारलं की काडीमोड झाली न्हाई तर मेंढरं नवऱ्याची, हे कळतं का? ती म्हणली, "मेंढरं माझ्या बापाची. बाप मेला, मी हाय. नवरा ह्यो. ह्याच्यात काय घोळ हाय ते मला बी सांगा."

कागद हाय का, वकील म्हणला.

"कान पाहा," ती म्हणली.

साहेब उठून भाईर आला. पायरीवरच्या एडक्याला ओलांडून. अमीन आन दोन शिपाई मेंढरं धरून राहिले, आन साहेब एकेकाचा डावा कान पालथा करून पाहून राहिला. म्हाताऱ्या मेंढीपासून आठ दिवसाच्या कोकरापर्यंत एकच चिमणीची चोच. तिच्या माहेरच्या गावचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याला आवारात बोलवून इचारलं तर म्हणला, ही खूण तर अमक्याच्या वाड्याची, साऱ्या मुलखाला ठावी हाय. साहेबानं हात धुतले आन निकाल सांगितला. आंदण बाईचं असतं. नवरा असला तरी बाईचंच, मेला तरी बाईचंच. पाच एडके माझे, ते नीलाम करा. घराचं सावकाराच्या अर्जात न्हवतं, म्हणून ते निघालंच न्हाई.

म्हंजी काडी मोडायची गरजच न्हवती. बायको माझी असतानाच मेंढरं तिची होती. मी कारकुनाकडं पाह्यलं तर तो लिंबाखाली दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला कायतरी समजावत होता.

सावकाराला पाच एडके, एक छत्री आन कसर लागलेल्या घोंगड्या मिळाल्या. मला दिवाळखोर ठरवलं. पुढं वर्स-दीड वर्सात निजामाचं राज गेलं, सावकार गाव सोडून गेला, अदालतीवरची पाटी बदलली. घर, बाज, हंडा माझ्या नावानं परत करायला कोणाला सुचलं न्हाई. सुचलं तरी तिनं दिलं नसतं.

त्या दिवशी हिंगोलीहून परत येताना मी मेंढरांच्या पुढं, ती मागं. ओढ्यावर पाणी पाजायला थांबलो. मला हसू येत होतं, सगळं वाचलं म्हणून. मी म्हणलो, तू तर वकिलाच्या वर निघालीस. ती पाण्याकडं पाहत होती.

"तुमी लई जोर लावला व्हता," ती म्हणली. "पारावर. पाय रोवून."

लावला होता.

पोरगं झालं, मंग अजून दोन झाली. ती सवाष्णींच्या पंगतीत बसली, पालखीला तिचा हात लागला. काडी तिनं आढ्याला खोचून ठेवली आन त्यावर पुन्हा कधी बोलली न्हाई. मात्र दर पाडव्याला मला नव्या वहाणा आणून द्यायची आन म्हणायची, घ्या, तुमचं साल. कागद रद्द झालाच न्हवता, म्हणून मी बी घ्यायचो.

ती गेली तवा बायका हिरवं लुगडं घेऊन दारात थांबल्या. एकमेकीकडं पाहून राहिल्या. कोणाच्या मनात काय होतं ते मला कळलं. मी आढ्यावरची काडी काढली, सगळ्यांदेखत तिच्या हाताखाली ठेवली, आन म्हणलो, नेसवा. धाकट्यानं इचारलं, आबा, हे काय? मी म्हणलो, तुमच्या आईचं हाय, जाऊ द्या तिच्यासंगं.

भावकीतल्या त्या शहाण्याला मी इतकंच दाखवलं की माझ्या पायात जुन्या वहाणा हायत. पाडवा ह्याच दहा दिवसांत होऊन गेला, आन ह्या साली नव्या कोणी दिल्या न्हाईत.

तिचं नाव मी ह्यात कुठं लिवलं न्हाई. तिनं माझं घेतलं न्हाई, मंग मी तिचं काहून घेऊ?